मनगटावरचे कान

सम्यकने बोट फिरवून 'परत एकदा' अशी खूण केली, तशा सोनूबाई पुन्हा दाराबाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि आपल्याच मुलाच्या घराची बेल परक्या पाहुण्यासारखी दाबली.

आतून हसण्याचा गलका ऐकू आला. श्वेताचं हसणं चारचौघींसारखं होतं, पण सम्यक आणि त्याची बायको संघमित्रा हसले की घर दणाणतं. दोघांनाही ऐकू येत नाही, त्यामुळे हसण्याला आवर घालायचा असतो हे त्यांना कधी कुणी शिकवलेलंच नाही. मुलुंडच्या त्या इमारतीत शेजारच्यांनी सुरुवातीला दारातून डोकावून बघितलं होतं. आता त्यांनाही सवय झाली होती.

"आई, झकास!" श्वेताने दार उघडलं. "दोघांच्या घड्याळावर एकदमच आलं बघ. 'दाराची बेल'."

"आलं ना? मग आता मला आत येऊ दे."

"थांब गं जरा. आता नुसतं टकटक कर. ते वेगळं येतं."

सोनूबाईंनी टकटक केलं. मग आत येऊन नळ सोडला, कुकरची शिट्टी होऊ दिली, मिक्सर फिरवला. श्वेता त्यांची धाकटी मुलगी, अंधेरीला नोकरीला होती आणि रविवारची झोप मोडून भावाकडे आली होती ती हे नवं प्रकरण लावून द्यायला. सम्यकचा जुना फोन पाळण्याजवळ ठेवायचा. घरात काही वाजलं की तो ऐकणार आणि कसला आवाज झाला ते नवरा-बायकोच्या मनगटावरच्या घड्याळांना कळवणार. घड्याळ थरथरणार आणि त्यावर अक्षरं उमटणार. फोनने नळ ओळखला, टकटक ओळखली. मिक्सरला मात्र तो मोटारसायकल म्हणाला.

"मिक्सर आणि मोटारसायकल यातला फरक ज्याला कळत नाही," सोनूबाई म्हणाल्या, "त्याच्या भरवशावर पोर टाकायची?"

"शिकेल गं ते हळूहळू."

"मी नव्हते बाई हळूहळू शिकत बसले."

हे शेवटचं वाक्य श्वेताने भावाला खुणांनी सांगितलं नाही. आईचं नाक कधी वर चढतं हे तिला ठाऊक होतं.

खरी परीक्षा राहिलीच होती. चार महिन्यांची मैत्री पाळण्यात मुठी वळून शांत झोपली होती आणि एरवी तासातासाला रडणारी ही पोर आज घरभर भांडी वाजत असताना हूं की चूं करत नव्हती. श्वेताने चिमटा काढायची खूण केली, संघमित्राने तिच्या हातावर चापट मारली. सगळे वाट बघत बसले. चहा झाला. शेवटी मैत्रीने ओठ काढले, एक हुंकार दिला आणि मग सूर लावला.

सोनूबाईंचं पाऊल सवयीने पाळण्याकडे पडलं, पण ते तिथेच थबकलं. संघमित्रा घड्याळाकडे बघत होती. मग तिने पाळण्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे. तिची पाठ पाळण्याकडे होती, बाळ तिला दिसत नव्हतं, कुणी तिच्या खांद्याला हात लावला नव्हता, आणि तरी आपली मुलगी रडते आहे हे तिला कळलं होतं. असं आजवर कधीच झालं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रडणाऱ्या मुलीला उचलून ती स्वतःही रडत उभी राहिली आणि सम्यक दोघींकडे बघून वेड्यासारखा हसत राहिला.

सोनूबाईंनाही आनंद झाला. झालाच. पण त्याच्या तळाशी काहीतरी खुपलं, आणि ते काय हे शोधायला त्या गेल्या नाहीत. त्या कपबशा विसळायला गेल्या.

त्या इथे आल्या होत्या त्याच मुळी ऐकायला. संघमित्राची आई लग्नाआधीच गेलेली, नागपूरला वडील एकटे, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. चेंबूरचं घर नवऱ्याच्या, भाऊरावांच्या हवाली करून सोनूबाई मुलुंडला येऊन राहिल्या. रात्री बाहेरच्या खोलीत पडायचं, दार अर्धं उघडं ठेवायचं, मैत्रीने पहिला सूर काढला की आत जाऊन सुनेला हलवून उठवायचं. झोपेचं खोबरं झालं होतं, डोळ्यांखाली काळं आलं होतं. पण फोनवर भाऊरावांनी कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "पोरीला कान कोण आहे इथं? मी तिकडे आले तर तिचं रडणं कुणाला कळणार?" हे म्हणताना त्यांची छाती भरून यायची.

कान होण्याची त्यांना जुनी सवय होती. सम्यक वर्षाचा असताना जयंतीच्या मिरवणुकीत त्या त्याला कडेवर घेऊन गेल्या होत्या. चेंबूरच्या नाक्यावर एवढाल्या स्पीकरच्या भिंती, पुढे ढोल, पोरं बेभान नाचत होती, आणि हा आईच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेला. किती गुणी लेकरू, असं बायका म्हणाल्या. सोनूबाईंनाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं. घरी येऊन झोपलेल्या पोराला खाली ठेवताना मात्र, एवढ्या गोंगाटात हा जागा कसा झाला नाही, हे त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरकडे गेल्या, आणि तेव्हापासून त्याच्या वाट्याचं ऐकणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. शाळेत बाई काय म्हणाल्या, दुकानदार काय म्हणाला, मागून गाडी येते आहे की नाही, सगळं त्याच्याआधी त्यांना कळायचं आणि त्यांच्याकडून त्याला. दोघांच्या मिळून अशा खुणा तयार झाल्या की त्या दुसऱ्या कुणाला लागायच्या नाहीत. सम्यक मोठा झाला, साकीनाक्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर यंत्रांची ड्रॉइंगं काढू लागला, त्याने स्वतःच संघमित्राला पसंत केलं. तरी आई आली की रस्ता ओलांडताना तो अजून तिच्याकडेच बघायचा.

नव्या घड्याळाने पहिले दोन दिवस संघमित्राला सळो की पळो करून सोडलं. खाली हॉर्न वाजला की थरथर. कुत्रं भुंकलं की थरथर. वरच्या मजल्यावर खिळा ठोकला तर 'दारावर टकटक'. त्यात तिच्या शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप, बँक, साड्यांचा सेल, लसीकरणाची आठवण, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. दर वेळी तिला वाटायचं की मैत्रीच रडली, आणि ती हातातलं टाकून धावायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती भिंतीला टेकून बसली आणि एकेक बंद करायला लागली. सोनूबाई शेजारी मेथी निवडत होत्या.

साड्यांचा सेल गेला. लग्नाचे फोटो गेले. बँक, ग्रुप सगळे मुके झाले. मग आवाजांची पाळी आली. हॉर्न बंद, कुत्रं बंद. पुढच्यावर मात्र ती अडली. तिने फोन सासूपुढे धरला.

"बेल?" तिने खुणेने विचारलं. संघमित्राच्या खुणा शाळेत शिकलेल्या, नेटक्या, सोनूबाईंच्या घरगुती. पण ओठांवरून आणि हातांवरून दोघींचं भागायचं.

"बेलीला मी आहे ना," सोनूबाई म्हणाल्या.

बेल बंद झाली.

"कुकर?"

"मी आहे."

"नळ?"

"अगं, मी आहे म्हटलं ना. कशाला उगाच?"

नळही बंद झाला. संघमित्राने समाधानाने फोन खाली ठेवला. आता तिच्या मनगटावर एकच आवाज येणार होता. तो आला की प्रश्नच नाही, बाकी काही असू शकतच नाही. ती उठून आत गेली आणि सोनूबाईंचा मेथी निवडणारा हात मंदावला. आत्ता या घरातल्या आवाजांची वाटणी झाली होती आणि आपणच ती खुशीने करून दिली होती. बेल, कुकर, नळ त्यांच्याकडे आले होते. मैत्री घड्याळाकडे गेली होती.

मग सोनूबाईंनी एक खुळेपणा सुरू केला. नातवंडांच्या बाबतीत शहाणी माणसंही असं करतात. त्या घड्याळाशी शर्यत लावू लागल्या. मैत्रीने टॅहँ केलं की त्या उठायच्या, पण त्यांच्या गुडघ्यांनी साथ देईपर्यंत संघमित्रा पोचलेलीही असायची. तेव्हा त्यांनी पाळण्याजवळच बस्तान हलवलं. भाजी तिथे, वाचायचा पेपर तिथे. मैत्री रडण्याआधी पाय झाडते, मग नाक ओढते, हे त्यांना घड्याळापेक्षा आधी कळायचं. पाय झाडले की त्या पोरीला उचलून घ्यायच्या, छातीशी धरायच्या, थोपटायच्या. आवाज होऊच द्यायचा नाही. घड्याळ बिचारं गप्प. दुपारी संघमित्राने ते चार्जिंगला लावलं की सोनूबाईंच्या चेहऱ्यावर टवटवी यायची, हे श्वेताने बघितलं असतं तर तिने आईची पार खिल्ली उडवली असती.

संघमित्राला हे कळायला आठवडा लागला. एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सोनूबाई मैत्रीला घाईघाईने उचलत होत्या. मैत्रीने नुकतंच नाक ओढलं होतं. सुनेने पुढे येऊन मुलीला त्यांच्या हातातून घेतलं आणि परत पाळण्यात ठेवलं.

"काय करतेस? रडेल ती."

संघमित्राने मान डोलावली. रडू दे. तिचे हात झपाझप चालले, इतके की सोनूबाईंना निम्मं लागलं नाही. तेव्हा तिने फोन काढला, टाइप केलं आणि त्यांच्यापुढे धरला.

'आई, तुम्ही तिला आधीच उचलता. मग ती रडलीच नाही असं होतं. तिने मला बोलवायला नको का? मला कळू द्या.'

सोनूबाईंनी दोनदा वाचलं. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेऊन परत वाचलं. तेवढ्यात मैत्रीने भोकाड पसरलं, घड्याळ थरथरलं आणि संघमित्राने मुलीला उचललं. मैत्री आईच्या खांद्यावर लगेच गप्प झाली. सुनेच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो नव्हता याचंच सोनूबाईंना जास्त लागलं. राग असता तर भांडता आलं असतं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. त्यांनी पाळण्याजवळचा पेपर आणि भाजी निवडायचं सूप उचललं आणि बाहेरच्या खोलीत नेलं.

खरंच बरोबर होतं. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांना सम्यकचं लहानपण आठवत राहिलं. त्याला काही लागायच्या आत आपण आणून द्यायचो. त्याने मागितलंच नाही, कारण आपण मागू दिलं नाही. आपण त्याला कान दिले असं आपण जन्मभर समजत आलो. हे मनात आलं आणि त्यांना भयंकर वाईट वाटलं.

सम्यकला यातलं काही माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि तो चांगुलपणाने बोलला. कामावरून आल्यावर तो आईसमोर मांडी घालून बसला. तिच्याशी बोलताना तो शाळेतल्या खुणा वापरत नसे, लहानपणच्याच वापरायचा.

"बाबा एकटे आहेत," त्याने सांगितलं. "तू दमलीस. आम्हाला आता जमतं. रविवारी श्वेता येईल, तिच्याबरोबर घरी जा."

शेवटी त्याने दोन्ही हात धुऊन झटकल्यासारखे केले. ही खूण त्यानेच काढली होती, शाळा सुटल्यावर करायचा. मोकळी. आता तू मोकळी.

"बरं," सोनूबाई म्हणाल्या आणि हसल्या. हसणं दाखवायला त्यांना कधीच अवघड गेलं नव्हतं. "तुझ्या बापाने तिकडे काय उजेड पाडलाय ते बघते एकदा."

शनिवारी दुपारी त्यांनी पिशवी भरायला घेतली. त्यांचे कपडे आतल्या खोलीतल्या कपाटात होते, मैत्रीच्या पाळण्यापलीकडे. मैत्री झोपली होती. संघमित्रा स्वयंपाकघरात पीठ मळत होती, परातीचा आवाज येत होता. सोनूबाई भिंतीकडे तोंड करून साड्यांच्या घड्या घालत होत्या. बाळाची दोन दुपटी त्यांच्या साड्यांत येऊन मिसळली होती, ती बाजूला काढताना त्यांना दुधाचा वास आला आणि त्यांचा बांध फुटला.

त्या रडल्या, आणि चांगल्या मोठ्याने रडल्या. सम्यक लहान होता तेव्हापासून त्यांची ही रीत होती. चेंबूरच्या एका खोलीत रडायला जाणार कुठे? शाळेने प्रवेश नाकारला, सासूने टोमणा मारला, की त्या पोराकडे पाठ करायच्या, तांदूळ निवडायचं सूप पुढे ओढायच्या आणि पोटभर हुंदके द्यायच्या. पोर मागे खेळत असायचं. त्याला दिसलं नाही म्हणजे कळलं नाही. मग पदराने तोंड पुसून वळायचं, की झालं. नवऱ्याला, मुलीला, शेजारणींना कधी ना कधी त्यांचं रडणं ऐकू गेलं होतं. ज्याच्यासाठी रडल्या त्याला मात्र कधीच नाही. या घरात तर ऐकणारं कुणीच नव्हतं. पाळण्याजवळच्या फोनचा विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही. तो मैत्रीसाठी होता.

परातीचा आवाज थांबला. पावलं धावत आली. सोनूबाईंनी तोंडावर पदर दाबला, श्वास आवळून धरला आणि साडीची घडी मोडून पुन्हा घालायला लागल्या. संघमित्रा त्यांच्या मागून सरळ पाळण्याकडे गेली. पिठाचे हात वर धरून ती वाकली.

मैत्री झोपली होती. तिची एक मूठ गालाखाली होती आणि श्वास संथ चालला होता.

संघमित्राने घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा मुलीकडे पाहिलं. सोनूबाईंना पाठीमागे हे सगळं दिसत नव्हतं, पण शांतता ऐकू येत होती, आणि आवळलेला श्वास आता छातीत मावेना. तो सुटला. सुटला तो हुंदका होऊनच सुटला, आणि त्याच्या मागोमाग खोलीत एक बारीक घरघर झाली. सोनूबाईंनी ती एवढी नीट कधी ऐकली नव्हती, कारण एरवी त्या वेळी मैत्री रडत असायची. घड्याळ वाजत होतं.

पावलं त्यांच्याजवळ आली. त्यांनी मागे न बघताच पाळण्याकडे हात केला आणि दोन बोटं गालावर टेकवली. म्हणजे, झोपेत रडली ती. खांद्यावरून पुढे एक मनगट आलं, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. घड्याळाच्या काचेवर अक्षरं होती.

'बाळ रडत आहे.'

"चुकलं ते," सोनूबाई भिंतीला म्हणाल्या. "त्याला काही कळत नाही. लहान-मोठं कळत नाही."

संघमित्राला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. घड्याळावर थांबवायचं बटण होतं, ते तिने दाबलं नाही. तिने तोच हात सोनूबाईंच्या पाठीवर ठेवला. पुढचा हुंदका आला तेव्हा ती घरघर सोनूबाईंना पोलक्यातून पाठीवर लागली. मग आणखी एक. त्या रडत होत्या आणि त्यांचं रडणं तिच्या हातातून त्यांच्याकडेच परत येत होतं.

"मला नाही जायचं गं," त्या म्हणाल्या. "माझं काही काम नसलं तरी मला नाही जायचं."

हेही भिंतीलाच. पाठीवरचा हात हलला नाही. संघमित्रा थांबली होती. सोनूबाई रडताहेत एवढं घड्याळाने तिला सांगितलं होतं. का रडताहेत, ते घड्याळ सांगणार नव्हतं. ते तिला त्यांच्या ओठांवरूनच वाचावं लागणार होतं.

सोनूबाईंचा हात पदराकडे गेला. मग त्यांनी पदर सोडून दिला आणि तशाच, डोळे न पुसता, वळल्या.